यूपीएफ ५० चा शर्ट खरंच ५० चा असतो का? गच्चीवरची टेस्ट आणि ताईचा ट्रेक

हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते कापलंय. आकडे ऐकताना निसटतात अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून ते इथे नीट लिहिलेत. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे ट्रेकला घालायचे ऊन अडवणारे कपडे. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? फुल शर्ट घाला, टोपी घाला, निघा. मीही तेच म्हणायचो. पण दोन दिवाळ्यांपूर्वी ताईने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर शोधण्यात माझं वर्ष गेलं.

ताईचा प्रश्न

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ट्रेकचं वेड मला तिनेच लावलं. मी नववीत होतो, पहिलाच ट्रेक, राजगड. चोर दरवाज्याच्या खालच्या कातळावर माझे पाय लटपटायला लागले, तेव्हा तिने खालून माझा बूट धरून एकेका खोबणीत ठेवला होता. त्यानंतर कॉलेजच्या दिवसांत आम्ही दोघांनी सह्याद्री बराच पालथा घातला.

मग तिला ल्युपस निघाला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. यातल्या बऱ्याच पेशंटना ऊन बाधतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी, म्हणजे यूव्हीने, त्वचेच्या पेशी दुखावतात आणि त्यातून आजार उसळतो. चेहऱ्यावर, हातांवर चट्टे येतात, सांधे धरतात, दिवस दिवस थकवा जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या नियमित, सनस्क्रीन रोज, अंगभर कपडे आणि भर उन्हात जाणं टाळायचं. "ट्रेक बंद" असं ते म्हणालेच नव्हते. ते ताईने स्वतःच ठरवून टाकलं. तिची सॅक माळ्यावर गेली.

त्या भाऊबीजेला मी ओवाळणी म्हणून तिला एक ट्रेकिंगचा शर्ट दिला. फिकट राखाडी, फुल बाह्यांचा, आणि लेबलवर ठळक अक्षरांत "यूपीएफ ५०+". मला वाटलं ती खूश होईल. तिने लेबल उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे ५० म्हणजे काय? आणि कोणी मोजलं?"

"अगं, लेबलवर लिहिलंय ना."

"लेबलवर काहीही लिहितात. तुला उन्हाने काही होत नाही, तुझं चालतं. मला हे चुकलं तर आठ दिवस अंथरुणात काढावे लागतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मंडळी, मी टेस्टिंग टीमच्या जिवावर जगणारा माणूस आहे. ऑफिसात कोणी "चालतंय, मी बघितलं" म्हणालं, तर आम्ही विचारतो, कुठल्या कंडिशनमध्ये बघितलं? तोच प्रश्न मी शर्टाला विचारला नव्हता.

यूपीएफ म्हणजे नेमकं काय?

यूपीएफ हा कापडाचा आकडा आहे. त्वचा लाल करणारं यूव्ही कापडातून किती आत येतं, ते तो सांगतो. यूपीएफ ५० म्हणजे ५० मधला १ भाग आत येतो, म्हणजे २ टक्के. यूपीएफ ३० म्हणजे साधारण ३.३ टक्के. यूपीएफ १५ म्हणजे ६.७ टक्के. जुना पातळ पांढरा सुती टी-शर्ट साधारण ५ ते ७ च्या आसपास धरतात.

इथेच एक गोष्ट लक्षात घ्या. १५ वरून ३० वर गेलात तर ३ टक्क्यांहून जास्त फरक पडतो. ३० वरून ५० वर गेलात तर फक्त १.३ टक्के. आकडा जसा वाढतो, तसा खरा फायदा आटत जातो. हे पुढे कामाला येणार आहे.

सनस्क्रीनवर असतो तो एसपीएफ. तो माणसाच्या त्वचेवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजतात. एवढी क्रीम आपल्यापैकी कोणीही लावत नाही. शिवाय ती घामाने जाते, दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागते. शर्टाचं तसं नसतं. एकदा घातला की तो दिवसभर अंगावर आहे. म्हणून लांब ट्रेकला कपडा हा पहिला बचाव, आणि क्रीम उरलेल्या जागांसाठी.

यूपीएफचं पहिलं स्टँडर्ड ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ मध्ये आणलं. तिथे त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण खूप जास्त, त्यामुळे त्यांना याची घाई होती. लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं यंत्र असतं. ते कापडाच्या तुकड्यावर साधारण २९० ते ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या एकेका तरंगलांबीचा प्रकाश टाकतं आणि पलीकडे किती पोहोचला ते मोजतं. पलीकडे गोल पोकळ डबा असतो, कारण कापडातून प्रकाश सरळ येत नाही, चहूकडे विखुरतो. तो सगळा गोळा करावा लागतो.

मग येतं वजन. सगळे किरण त्वचेला सारखे लाल करत नाहीत. ३०० नॅनोमीटरचा किरण जेवढा भाजतो, त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी ३६० चा भाजतो. म्हणून हिशोबात ३०० च्या जवळपासच्या यूव्ही-बीला भरपूर मार्क आणि यूव्ही-एला फार थोडे. कापड यूव्ही-बी छान अडवत असेल आणि यूव्ही-ए थोडं सोडत असेल, तरी यूपीएफ मस्त येतो. आपल्यासारख्यांना ते ठीक आहे. पण ल्युपसमध्ये यूव्ही-एसुद्धा त्रास देऊ शकतं. युरोपच्या स्टँडर्डने ही पळवाट बंद केली आहे. तिथे यूपीएफ ४० च्या वर हवा आणि शिवाय यूव्ही-ए सरासरी ५ टक्क्यांहून कमीच आत आलं पाहिजे.

अमेरिकेची पद्धत आणखी एका बाबतीत वेगळी. तिथे मोजण्याआधी कापडाला ४० वेळा धुतात, यंत्रातल्या उन्हात तापवतात, आणि पोहण्याचा कपडा असेल तर क्लोरिनच्या पाण्यातूनही काढतात. म्हणजे दोन वर्षं वापरल्यावर काय उरेल, त्याचा अंदाज घेतात. त्यामुळे लेबलवर नुसतं "५०+" असणं आणि त्याच्या शेजारी कुठलं स्टँडर्ड ते लिहिलेलं असणं, यात फरक आहे. मी आणलेल्या शर्टाच्या लेबलवर स्टँडर्डचा पत्ताच नव्हता.

गच्चीवरची लॅब

मग मी ठरवलं, आपणच मोजू. यूव्ही मोजणारा एक छोटा सेन्सर मिळतो, गुव्हा-एस१२एसडी नावाचा. हॉबीवाल्यांमध्ये फेमस आहे, स्वस्त आहे. तो साधारण २४० ते ३७० नॅनोमीटरचा प्रकाश पकडतो आणि त्या प्रमाणात व्होल्टेज देतो. यूव्ही इंडेक्स १० असेल तर ढोबळमानाने १ व्होल्ट. तो ईएसपी३२ बोर्डाला जोडला. कापड धरायला आईची भरतकामाची रिंग घेतली. कापड सैलही लावता येतं आणि ताणूनही.

सेन्सर नोव्हेंबरातच आला होता. मग ऑफिसचं रिलीज, मग दुसरं रिलीज, असं करता करता मे उजाडला. पण ते बरंच झालं. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो ना, तो. आणि लक्षात ठेवा, पुण्यात सूर्याची दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं, त्यामुळे इथे सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो.

पहिल्या दिवशीचे रिझल्ट बघून मी नाचलो. उघडा सेन्सर, १.१ व्होल्ट. ताईचा शर्ट, शून्य. माझी जीन्स, शून्य. कंपनीच्या मॅरेथॉनचा चार वर्षं जुना टी-शर्ट, शून्य! मी ताईला फोन केला, "बिनधास्त चल, काहीच आत येत नाहीये."

ती म्हणाली, "आईची ओढणी लावून बघ."

आईची कॉटनची ओढणी इतकी विरळ आहे की पलीकडचं झाड दिसतं. चौपदरी करून लावली. शून्य. दुपदरी केली, तरी जेमतेम काहीतरी. आता माझी सटकली. जी चाचणी सगळ्यांनाच पास करते, तिला चाचणी म्हणत नाहीत.

बग कापडात नव्हता, बोर्डात होता. ईएसपी३२ च्या आत जो व्होल्टेज मोजणारा भाग आहे, तो तळाशी आंधळा असतो. साधारण ०.१ व्होल्टच्या खाली काहीही दिलं तरी तो शून्यच सांगतो. आणि माझं सगळं उत्तर नेमकं त्याच पट्ट्यात होतं. १.१ व्होल्टचे २ टक्के म्हणजे ०.०२२ व्होल्ट. मी घरात काटा आणला होता खरा, पण तो पाव किलोच्या खाली वजनच दाखवत नव्हता, आणि मी त्याच्यावर वेलची तोलत होतो.

त्या फोनवर ताई निघाली असती तर? हा विचार माझ्या डोक्यातून दोन-तीन दिवस गेला नाही. पुढच्या आठवड्यात मी एडीएस१११५ नावाची वेगळी मोजणारी चिप लावली. तिची एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची. सेन्सरवर काळी पट्टी लावून पूर्ण अंधारातलं रीडिंग घेतलं, ते प्रत्येकातून वजा केलं. दर कपड्याआधी आणि नंतर उघड्या आकाशाचं रीडिंग घेतलं, कारण मध्येच पातळ ढग आला तर सगळा हिशोब फसतो.

काय सापडलं

एक स्पष्ट करतो. माझा सेन्सर ते वजनाचं गणित करत नाही. त्याने पकडलेलं बहुतांश यूव्ही-ए असतं, कारण जमिनीवर पोहोचणाऱ्या यूव्हीत साधारण ९५ टक्के तेच असतं. म्हणून माझ्या आकड्यांना यूपीएफ म्हणू नका. कुठला कपडा कुठल्यापेक्षा बरा, एवढंच ते सांगतात. पण गंमत बघा, ताईला तेच हवं होतं. यूव्ही-ए किती येतं, हा तिचाच प्रश्न होता.

१०० भाग यूव्ही वरून पडलं, तर आत किती आलं?

जुना पांढरा सुती टी-शर्ट: कोरडा असताना १८. ओला केल्यावर ३० च्या वर. सुती धाग्यांमधल्या फटींत हवा असते तेव्हा प्रकाश धाग्यावरून हवेत, हवेतून धाग्यात असा ठेचकाळत, विखुरत जातो. फटींत पाणी भरलं की तो सरळ आरपार जातो. ओला पांढरा टी-शर्ट पारदर्शक का दिसतो, त्याचं कारणही हेच. आता विचार करा, मेमधल्या चढणीवर अर्ध्या तासात तुमची पाठ कशी असते?

ताईचा शर्ट: कोरडा आणि सैल असताना ३. लेबलवर ५०+ म्हणजे २ पेक्षा कमी, मग माझे ३ कसे? कंपनीने फसवलं? तसं म्हणता येणार नाही. वर सांगितलं ना, त्यांचा आकडा भाजणाऱ्या किरणांचा आणि माझा मुख्यतः यूव्ही-एचा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. पॉलिएस्टरच्या रेणूत बेंझिनची कडी असते, ती यूव्ही-बी छान शोषते, यूव्ही-ए तितकं नाही. ओला केल्यावर फारसा फरक पडला नाही. पण रिंगमध्ये ताणल्यावर ३ चे ७ झाले. लॅबमध्ये कापड सपाट, कोरडं, न ताणलेलं असतं. आमच्या भाषेत ते हॅपी पाथ टेस्टिंग. ट्रेकमध्ये कोपर वाकतं, खांदा सॅकखाली ताणतो, आणि अंगाला घट्ट बसणारा शर्ट तर सकाळपासूनच ताणलेला असतो.

त्याच शर्टाचा गडद निळा भाऊ, माझ्या मित्राचा: १ च्या खाली. गडद रंग यूव्ही जास्त शोषतो.

मॅरेथॉनचा टी-शर्ट: छातीवर ६, खांद्यावर १४. चार वर्षं सॅकचे पट्टे घासून घासून तिथलं कापड झिजलं होतं. डोळ्यांना कळत नव्हतं.

आईची ओढणी: एकपदरी ३५, दुपदरी १२, चौपदरी २ च्या खाली. हे सगळ्यात आवडलं मला. थरांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पहिल्या थराने ३५ टक्के सोडले, दुसऱ्याने त्यातले ३५ टक्के. महागडं काही नसेल तर घडी घाला!

जीन्स: अंधारात आणि हिच्यात फरकच दिसेना. ऊन रोखण्यात जीन्सला तोड नाही. पण ट्रेकला घालू नका, भिजली की पायाला धोंडा बांधल्यासारखी होते.

आणि हो, नोटा तपासायच्या त्या जांभळ्या टॉर्चने कपडे तपासायचे व्हिडिओ बघत असाल तर सोडून द्या. त्या टॉर्चचा प्रकाश बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा, जवळजवळ दिसणाऱ्या प्रकाशाच्या उंबरठ्यावरचा. शिवाय साबणातल्या पांढरेपणा वाढवणाऱ्या द्रव्यामुळे कपडा त्यात चमकतो. त्यावरून यूव्ही-बीबद्दल काहीच कळत नाही.

गडद घातलं तर उकडणार नाही का?

हा प्रश्न नेहमी येतो. गडद कपडा जास्त तापतो, हे खरं. पण ती उष्णता अंगापर्यंत पोचते का, ते कपडा सैल आहे की घट्ट त्यावर ठरतं. १९८० मध्ये नेचर मासिकात एक अभ्यास आला होता. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, असा प्रश्न. काळा झगा जास्त ऊन शोषत होता, पण आतल्या माणसाला मिळणारी उष्णता पांढऱ्या झग्याएवढीच होती. झगा सैल, त्यामुळे आत हवा खेळती, आणि जास्तीची उष्णता ती हवाच घेऊन जायची.

म्हणजे गडद आणि घट्ट, हे वाईट कॉम्बिनेशन. गडद आणि सैल चालतं. पण सह्याद्रीत वाळवंटासारखी कोरडी हवा नसते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. यूव्हीपासून वाचवणारा कपडा उष्माघातापासून वाचवत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. मेमध्ये भर दुपारी कातळावर चढत असाल, तर शर्ट कितीही भारी असो, उपयोग नाही.

खरा बग: उघड्या जागा

आता तो गणिताचा भाग. समजा तुमचा शर्ट यूपीएफ ५०, पण मान, कान, मनगट, हाताचा पंजा असं मिळून १० टक्के अंग उघडं आहे. तर १०० पैकी ते १० पूर्ण आत. उरलेल्या ९० मधून २ टक्के, म्हणजे १.८. बेरीज ११.८.

आता यूपीएफ १५ चा साधा शर्ट घ्या, पण सगळं अंग झाकलेलं. आत येणार ६.७.

म्हणजे साध्या कपड्याने पूर्ण झाकलेला माणूस, भारी शर्ट घालून मान उघडी टाकणाऱ्यापेक्षा जवळजवळ दुपटीने सुरक्षित! ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये स्टँडर्ड सुधारलं, तेव्हा कपड्याने किमान किती अंग झाकलं पाहिजे, हेही त्यात घातलं. कापड कितीही चांगलं असलं तरी बिनबाह्यांचा शर्ट ऊन अडवणार कसा?

आणि हे शेतातल्या बायकांना कधीपासून माहीत आहे. कापूस वेचणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, डोक्यावरून पदर, वर रुमाल. पुण्यात-नागपुरात स्कूटरवरच्या मुली सनकोट आणि स्कार्फ घालून फक्त डोळे उघडे ठेवतात, तेव्हा आम्ही कॉलेजात त्यांना "डाकू" म्हणून हसायचो. माफ करा, मुलींनो. तुमचं कव्हरेज आमच्यापेक्षा चांगलं होतं.

ऊन कधीचं आहे, हेही बघा

कपड्याइतकीच वेळ महत्त्वाची. सोपा नियम असा, की तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तर यूव्ही तिखट आहे. मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून पुण्यासाठी हिशोब काढला. मेच्या मध्यात सकाळी साधारण सव्वानऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत सावली लहान असते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र जेमतेम सव्वादोन तास, साडेअकरा ते पावणेदोनच्या आसपास. थंडी वाजतेय म्हणून यूव्ही नाही असं नव्हे, पण सुरक्षित वेळ बरीच जास्त मिळते. उंचीने दर १००० मीटरला यूव्ही साधारण १० टक्के वाढतं, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरवर थोडं जास्त. हिमालयात बर्फावर गेलात तर गोष्ट वेगळी. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, तिथे टोपीच्या खालूनही ऊन लागतं.

कोराईगड

यंदाच्या जानेवारीत ताईने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तब्येत बघून, रिपोर्ट बघून, "सकाळी लवकर जा, झाकून जा, थकवा वाटला तर परत फिर" असं सांगितलं. आम्ही कोराईगड निवडला. लोणावळ्याहून पेठ शहापूरला जायचं, तिथून पायऱ्यांची वाट, तासाभराच्या आत वर. माथा मात्र सगळा उघडा, तटबंदीवरून फिरताना डोक्यावर काही नाही. म्हणून सूर्योदयाला चढायला लागायचं आणि दहाच्या आत खाली, असं ठरलं.

ताईचा पोशाख: राखाडी शर्ट बाद, मित्राच्या शर्टासारखाच गडद निळा, पण एक साइज मोठा. खांद्यावर आईची ओढणी चौपदरी, सॅकच्या पट्ट्याखाली. मोठ्या काठाची टोपी, मागे मानेवर कापड सोडलेली. सैल पँट, हातमोजे, चेहऱ्याला सनस्क्रीन. पेठ शहापूरच्या मावशींनी तिच्याकडे बघून विचारलं, "पोरी, मधमाश्या पाळतेस का गं?"

गणेश दरवाज्यातून आत शिरल्यावर ती काही बोलली नाही. तटावर जाऊन उभी राहिली. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाली, "थांब जरा." पाच मिनिटं मीही गप्प बसलो.

साडेनऊला उतरायला लागलो. परत आल्यावर दोन दिवस मी रोज मेसेज करत होतो. तिसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. उजव्या मनगटावर बोटभर रुंदीचा लालसर पट्टा. उतरताना आधारासाठी हात वर धरला की बाही मागे सरकायची आणि हातमोज्याच्या वर तेवढी जागा उघडी पडायची. बाकी अंग ठीक होतं, सांधे ठीक होते. पट्टा आठवड्यात गेला. डॉक्टरांनाही तिने दाखवला.

खाली लिहिलं होतं, "तुझ्या सेन्सरला हे दिसलं नाही ना?"

नाही दिसलं. सेन्सर कापड मोजतो, माणूस हात वर करतो ते त्याला कुठून कळणार? मी टेरेसवर बसून चार आठवडे कापडं तपासली, पण ताईला शर्ट घालून, सॅक लावून, हात वर करायला एकदाही सांगितलं नव्हतं. तिने आता बाहीच्या टोकाला अंगठा अडकवायची पट्टी शिवून घेतलीय. कोपऱ्यावरच्या टेलरने शिवून दिली, दहा मिनिटांत.

तुम्ही काय कराल?

थोडक्यात सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. लेबलवर आकड्याबरोबर स्टँडर्ड लिहिलंय का ते बघा. यूपीएफ ३० च्या वर असेल तर आकड्याच्या मागे लागू नका, कव्हरेजच्या मागे लागा.

२. एक साइज मोठा, सैल, घट्ट विणीचा घ्या. घाम खूप येत असेल तर फिकट सुती टाळा.

३. कपडा उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत असेल तर ऊनही आत येणार. जुन्या शर्टाचे खांदे तर आवर्जून बघा.

४. शर्ट घालून, सॅक लावून आरशासमोर उभे राहा. हात वर करा, वाका, बुटाची लेस बांधा. कुठे कुठे कातडी दिसते? तिथे कपडा लावा, नाही जमलं तर क्रीम.

५. नवीन काही नको असेल तर ओढणी, पंचा, उपरणं घ्या आणि घडी घाला. गुणाकार लक्षात आहे ना?

६. सावली बघा. लहान झाली की झाड शोधा.

आणि तुमच्यापैकी कोणाला ल्युपस असेल, किंवा उन्हाने बाधणारी एखादी गोळी चालू असेल, तर हा एपिसोड ऐकून निघू नका. डॉक्टरांना विचारा, मग निघा. मी इंजिनिअर आहे, आणि माझा पहिला रिझल्ट काय होता ते तुम्ही ऐकलंत.

पुढचा ट्रेक राजगड. ताई म्हणते, चोर दरवाज्याने. या वेळी खालून बूट धरायची पाळी माझी.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत फिरत राहा, झाकून फिरा!